बॉल जमिनीला लावायचा नाही

इक्बालभाई, शुगर आटोक्यात आहे ना? गोड बंद करा म्हणून वहिनी मागे लागल्याच असतील.

सर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे. आता अक्षरं नीट दिसत असतील.

गंगाधर, देगलूरला घरीच गुडघा शेकत बसलास की दवाखान्यात दाखवलास एकदाचा?

अप्पाची तब्येत मात्र कुणी विचारू नका.

शिवलिंगअप्पा आज सकाळी गेला.

या ग्रुपवरच्या बहुतेकांनी त्याला डाळीच्या आडतीवर मांडी घालून बसलेला बघितलाय. आम्ही त्याला हवेत बघितलाय. लातूरच्या आमच्या बास्केटबॉल टीमचा तो कॅप्टन.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याआधी लातूरची आणि उदगीरची पोरं एकमेकांविरुद्ध खेळायची, नडग्या फोडायची. आता अचानक सगळे एकाच रंगाच्या बनियनमध्ये.

लातूरचा स्टार अप्पा. उदगीरचा स्टार इक्बाल.

इक्बाल मोकळा उभा असला तरी अप्पाला तो दिसायचा नाही. आणि अप्पानं हात वर करून बॉल मागितला की इक्बालला नेमकी बुटाची नाडी बांधायची आठवण व्हायची.

त्यात दुष्काळ.

मातीच्या ग्राउंडला रोज पाणी मारावं लागतं, वर रोलर फिरवावा लागतो. पण आयाबहिणी घागरी घेऊन टँकरमागे पळत असताना ग्राउंडला पाणी कुठल्या तोंडानं मारायचं? आमच्या कोच सरांनी सांगून टाकलं, एक तांब्यासुद्धा नाही.

मातीला भेगा पडल्या. बॉल आपटला की भलतीकडेच उसळायचा. ड्रिबल करत पुढे जायची सोयच राहिली नाही. मग सरांनी नियम केला की बॉल जमिनीला लावायचाच नाही. या हातातून त्या हातात.

आम्ही झक मारत शिकलो, पण शिकलो. अप्पा तेवढा चडफडायचा. त्याचा सगळा जीव ड्रिबलमध्ये.

अशात जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धेची फायनल आली. नांदेडला, नांदेडविरुद्ध.

अप्पासाठी ती नुसती फायनल नव्हती. मराठवाड्याच्या टीमसाठी सिलेक्टर येणार होते. त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निघतानाच बजावलं होतं. निवड झाली तर खेळ, नाही तर आडतीवर बस. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सिलेक्टर पॉइंट मोजतात, हेही ठाऊक होतं.

नांदेडचं कोर्ट सिमेंटचं. बॉल आपटला तर सरळ हातात आला.

अप्पाचं भानच सुटलं.

बॉल घेऊन एकटाच निघायचा. एकाला चकवायचा, दुसऱ्याला चकवायचा, आणि तिसरा उभा असायचा नांदेडचा गंगाधर. ताडासारखा. झाडावरचा पेरू काढावा तसा बॉल काढून घ्यायचा.

टाळ्या अप्पाला. पॉइंट नांदेडला.

मध्यंतरात आम्ही चांगलेच मागे होतो. कुणी कुणाकडे बघेना. इक्बालनं तोंड पुसलं आणि म्हणाला,

"अप्पा, आमाला कशाला आणलंस बे? तू खेळ एकटा. आमी पब्लिकमधी बसतो, तिकडं सावली हाय."

अप्पा उठला. मला वाटलं, आता हात उचलतो.

सर मध्ये पडले नाहीत.

अप्पा सिलेक्टरांच्या टेबलाकडे बघत राहिला.  

मग म्हणाला, "त्या ताडाला मी धरतो. तू बास्केटखाली थांब."

"अन् पॉइंट?"

"तू कर की. बॉल जमिनीला लावायचा न्हाई. लातूरचं ग्राउंड समजा."

त्यानंतर अप्पा गंगाधरला जो चिकटला तो चिकटलाच. कोपर खाल्लं, ओठ फुटला, फाउलवर फाउल झाले. स्वतः बास्केटकडे बघितलंसुद्धा नाही. आमचा बॉल हातातून हातात पळत होता आणि नांदेडची पोरं तो खाली आपटायची वाट बघत होती.

आम्ही जवळ आलो. अगदी जवळ, एकच पॉइंट मागे.

शेवटी गंगाधर मोकळा सुटला. ते बास्केट झालं असतं तर सगळं संपलं असतं. अप्पानं जाणूनबुजून त्याला अडवलं.

पाचवा फाउल. अप्पा बाहेर.

त्याच्या जागी मला उतरवलं.  अप्पानं दंड धरून सांगितलं, "माझ्याकडं बघू नको. इक्बालकडं बघ."

गंगाधर, राग मानू नकोस, पण तुझे दोन्ही फ्री थ्रो हुकले. बॉल आमच्याकडे आला. मी तो डोळे झाकून फेकावा तसा इक्बालकडे फेकला. त्याचं बास्केट आणि शिट्टी, मागेपुढेच.

आम्ही एका पॉइंटनं जिंकलो.

मग सिलेक्टरांनी नावं वाचली. गंगाधर. इक्बाल.

अप्पा नाही.

इक्बाल तडक टेबलाकडे निघाला. अप्पानं बनियन धरून त्याला मागे ओढलं. "कुटं निघालास? माझे पॉइंट हायत का? न्हाईत. विषय संपला."

लातूरच्या स्टँडवर अण्णा उभे होते.

"झाली का निवड?"

"न्हाई, अण्णा."

मी तोंड उघडलं तर अप्पानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून.

दुसऱ्या दिवसापासून तो आडतीवर. इक्बालला पुढे खेळावरच नोकरी लागली. अप्पा पुन्हा कधी मॅच खेळला नाही.

अण्णा होते तोवर गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोराला खेळ काय जमला न्हाई." अप्पा डाळ तोलत नुसता हसायचा. आम्हाला बोलायची बंदी.

आता बंदी घालणारा राहिला नाही. म्हणून इथं ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहितोय, अण्णा. तुमच्या पोराला खेळ जमला होता.

शरणार्थ, अप्पा, शेवटचा नमस्कार.

दुपारी अप्पाला माती द्यायची आहे. इक्बालभाई, सकाळपासून तुमचा फोन लागत नाही. अप्पाची मुलं तुमच्यासाठी थांबायला तयार आहेत. निघालात का, तेवढं लगेच लिहा.