पारावरचे फोन

माझ्या शाळेचं गाव मेहकर तालुक्यात, दोन टेकड्यांमधल्या खोलगटात आहे. तिथे मोबाइलला रेंज येते ती फक्त मारुतीच्या पारावर. म्हणून लोक सकाळीच आपापला फोन पारावर आणून ठेवत आणि कामाला लागत. कुणाचा वाजला की जाणारा-येणारा त्याला हाक मारी. चोरीबिरी कधी झाली नाही. मी नवी बदलून आले तेव्हा मला या पद्धतीचं फार हसू आलं होतं.

मग टाळेबंदी लागली. माणसांनी पारावर जमायचं नाही, असा हुकूम निघाला. माणसं घरात बसली, फोन मात्र जमत राहिले. पोत्यावर ओळीने मांडलेले फोन, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि मध्येच एखादा थरथरत सरकत शेजारच्याला जाऊन चिकटायचा. भर दुपारीसुद्धा तिथून जाताना मी पाय उचलायची.

कोण कुणाच्या जवळ आलं ते ओळखणारं ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये टाकायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षकाच्या गळ्यात काहीही मारतात. मी सुरुवात घरापासून केली. माझी आत्या याच गावात दिलेली, नवरा गेलेला, लेक पुण्याला, म्हणून मी तिच्याकडेच राहत होते. माझा जुना फोन मी तिला दिला, त्यात ॲप टाकलं आणि तो सतत जवळ ठेवायला बजावलं. तिने तो मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांखाली ठेवून दिला.

"आत्या, जवळ ठेव म्हटलं होतं ना?"

"जवळच त हाये व. एवढी महागाची चीज, मातीत नेऊन खराब करू काय?"

माती म्हणजे तिची वांग्यांची वाडी. भाजीला परवानगी होती, त्यामुळे रोज पहाटे ती टोपल्या घेऊन टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी बसून साखरखेर्ड्याच्या बाजाराला जायची. वाटेत दोघं एकाच डब्यातली भाकर खायचे. परत आल्यावर टेम्पोवाला फोन पारावर ठेवायचा आणि घरी जाऊन झोपायचा, व्यापाऱ्याचा फोन आला तर कुणीतरी उठवेल म्हणून.

तोच टेम्पोवाला पॉझिटिव्ह निघाला. गाडी येऊन त्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाराजवळ होते. गल्लीत कुणी नव्हतं. एक फोन थरथरला, मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. वाकून पाहिलं तर ॲपचे हिरवे पडदे एकेक करून नारिंगी, म्हणजे धोक्याचे, होत होते. टेम्पोवाल्याच्या फोनची जागा तेवढी पोत्यावर रिकामी होती. लोक दाराला कडी लावून जेवत असतील, आणि इथे त्यांच्या नावावर शिक्के बसत होते.

तासाभरात तालुक्याहून फोन आला. साहेबांनी चौदा नंबर वाचून दाखवले.

"सर, ही माणसं त्याला भेटलीच नाहीत. पारावर नुसते फोन शेजारी होते."

"मॅडम, सिस्टिममध्ये जे दिसतंय तेच लिहा."

मी चिडले, तावातावाने बोलले, आणि शेवटी ती चौदा नावं यादीत लिहिली. चौदा जण माझ्याच शाळेत, वर्गाच्या फरशीवर दोन आठवडे कोंडले जाणार होते.

पंधरावं नाव मात्र मला पाठ होतं. मी घरी जाऊन पेटीतून आत्याचा फोन काढला आणि पारावर नेला. रेंज आली. पडदा हिरवाच राहिला. तुम्ही सुरक्षित आहात. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. चौदा फोन खोटं बोलतात म्हणून साहेबांशी भांडलेली मी, पंधराव्यावर लगेच विश्वास ठेवून मोकळी झाले. आत्याला त्या फरशीवर झोपवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पंधरावी ओळ मी कोरी सोडली.

चौथ्या दिवशी ती खोकायला लागली.

"आत्या, तपासून येऊ या."

"काऊन व, एवढी काऊन भेते? फोन हिरवा हाये म्हणते ना तू? धूळ गेली असंन घशात."

मलाही तेच ऐकायचं होतं. आणखी दोन दिवस मी तिला काढे करून पाजले. बुलढाण्याला नेलं तेव्हा ती तोंडाने श्वास घेत होती. परत आली नाही.

शाळेतले चौदाही जण ठणठणीत बाहेर पडले. त्यांतल्या एकीने जाताना विचारलं, "बाई, आमचं काय चुकलं होतं व?" मी खाली मान घालून सतरंज्या गोळा करत राहिले.

पुढे आत्याच्या लेकीला आईची लुगडी द्यायची म्हणून पेटी उघडली. आत्याने पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवलेला फोन तसाच होता. तो चार्ज केला, पारावर नेला. तुम्ही सुरक्षित आहात, तो म्हणाला. मग त्याने तिची विचारपूस सुरू केली. ताप आहे का? खोकला आहे का? बाधित माणसाच्या शेजारी बसला होतात का? मी प्रत्येक ठिकाणी 'हो'वर बोट ठेवत गेले. पडदा लाल झाला. ताबडतोब दवाखान्यात जा, असं त्यावर आलं.

एवढंच करायचं होतं. त्या दुपारी तर पंधरावी ओळ समोर होती आणि पेन माझ्या हातातच होतं.