फ्रान्सच्या बागेतलं एक पान कमी

जावयाला मटणाचं आमंत्रण आलं की कारण विचारू नये, हा माझा नियम. त्या दिवशी तर कारण ठाऊकच होतं.

आष्टीकडच्या माझ्या सासुरवाडीत द्राक्षाची बाग आहे. सासऱ्यांनी लावलेली, एकसलग. सासरे गेले आणि दोघा मेहुण्यांनी वाटण्या करायचं ठरवलं. बागेच्या मधोमध बांध पडणार होता, मधल्या ओळींचे वेल तुटणार होते. त्याआधी त्यांच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हक्कसोडपत्रावर सही करायची होती: या जमिनीत मला काही नको. आमच्याकडे बहिणी अशी सही करतात, भाऊ त्यांना साडी नेसवतात, आणि जावयाला टॉवेल-टोपी मिळते. दुपारी रजिस्ट्री ऑफिसात जायचं होतं. बायको नवी हिरवी साडी नेसून बसली होती. माझी टोपी लहान होती, म्हणून मी मान ताठ ठेवली होती.

तेवढ्यात थोरल्या मेहुण्याच्या मुलीचा फ्रान्सहून फोन आला. ती तिथं एका घराण्याच्या द्राक्षबागेत राहून वाईन करायला शिकते. थोरला गावात सांगतो, "द्राक्षाचं शिक्षण घेतीय." आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणून मी तिचा मामा.

"मामा, इथल्या बागेच्या इतिहासाच्या पानांचे फोटो पाठवलेत. फोनवरच मराठी करून घ्या आन मोठ्यानं वाचा. आत्यालाबी बसवा."

मला मोठ्यानं वाचायला सांगणं म्हणजे बैलाला कडबा दाखवणं. अंबाजोगाईला कॉलेजात असताना मी तीन नाटकांत राजा झालो होतो. घसा खाकरून सुरुवात केली.

पहिल्याच पानावर गोंधळ. त्या घरात पणज्याचं जे नाव तेच आज्याचं, तेच बापाचं, तेच लेकाचं. फोन सगळ्यांनाच 'मालक' म्हणत होता. "मालक वारले. पुढे मालकांनी दगडी तळघर बांधले. मग मालकांचे लग्न झाले."

"वारल्यावर?" धाकट्यानं विचारलं.

"लई कष्टाळू माणूस," थोरला म्हणाला.

पुढे किडीनं मुळं खाल्ली आणि बाग वाळून गेली. मग त्यांनी अमेरिकेतून जंगली खुंट आणले आणि त्यावर आपल्या वेलींची कलमं बांधली. हे मात्र दोघांना झटक्यात कळलं. "आपल्या डॉगरीजवाणी की!" थोरला मांडीवर थाप मारून म्हणाला. आपणही आधी डॉगरीजचा जंगली खुंटच लावतो आणि वर कलम बांधतो. घटकाभर फ्रान्स आष्टी तालुक्यातच होतं.

मग दोन भाऊ आले. मी त्यांना एक जाड आणि एक किनरा असे आवाज दिले. दोघांना बाग निम्मी-निम्मी हवी होती. त्यांना एक विधवा बहीण होती. तिनं आपला वाटा सोडला नाही, बाग तोडू दिली नाही. म्हातारी होईस्तोवर तिनंच ती चालवली, आणि आज तिची पणती चालवते.

"थांबा दाजी," थोरला म्हणाला. "तिची हक्कसोड कुठं हाय?"

मी पानं मागं सारली, पुढं सारली. "दिसत नाही."

"कावून दिसत न्हाई? दोन भाऊ जिते हायत!"

"एक पान राहिलं असंल," धाकटा म्हणाला. "पोरीकडून फोटो काढायचा चुकला."

हे थोरल्यालाही पटलं. किती दिवसांनी त्यांचं एकमत झालं! खोटं कशाला सांगू, मलाही पटलं. घराण्याचा इतिहास म्हटल्यावर बहिणीची सही कुठंतरी असणारच. मी पोरीला कळवलं की हक्कसोडीचं पान राहिलंय.

लगेच उत्तर आलं. तेही मी राजाच्या आवाजात वाचलं: "पान राहिलेलं न्हाई, मामा. तिनं सही केलीच न्हाई."

वाचून मान वर केली, तर बायको उठून उभी राहिली होती.

"दादा," बायको थोरल्याला म्हणाली, "मोजणीवाल्याला सांग, तीन वाटे कर. मधला माझा."

"मधी तर पाण्याची हीर हाय, अक्का," धाकटा म्हणाला.

"म्हणून तर."

"तुला काय कमी हाय, बाई?" थोरल्यानं विचारलं. "दाजी कमावतेत की."

"कमी काई न्हाई. आण्णांनी बाग लावली तवा तुमी दोघं शाळंत जायचे. खुंटांना घागरीनं पाणी मी घातलं. माझ्या वाट्यात बांध पडणार न्हाई. तुझी पोरगी परत आली की तिच्या हाती देईन."

दोघा भावांनी माझ्याकडे पाहिलं. "दाजी, ही तुमची खेळी हाय."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण इतकी अक्कल आजवर कुणी माझ्या नावावर लावली नव्हती. मुकुट सावरावा तशी मी टोपी सावरली.

"टोपी परत द्यायची का?" थोड्या वेळानं मी विचारलं. "आणि साडी?"

बायकोनं निऱ्या सारख्या केल्या. "साडी माहेरची हाय. ती राहील."

रजिस्ट्री ऑफिसला कुणी गेलं नाही. मोजणीवालाही अजून आलेला नाही. बाग आहे तशी सलग उभी आहे, आणि मेहुणे माझ्याशी फोनवर आधीपेक्षा जपून बोलतात.

त्या दिवशी गाडीतून परतताना केजपर्यंत माझं डोकं चालेना. पोरीनं 'आत्यालाबी बसवा' का म्हटलं असेल? शेवटी विचारलंच, "हे तू कधी ठरवलंस?"

"मटण बरं झालतं," बायको म्हणाली, आणि खिडकीची काच खाली केली.