पाटावरची इंग्रजी परीक्षा

माझी शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत गुरुजींनी विनाकारण कानाखाली वाजवली, मी पाटी तिथंच टाकून घरी आलो आणि परत गेलो नाही. आईनं समजावलं, बापानं बदडलं. नाही म्हणजे नाही. तेव्हापासून मास्तर लोकांशी माझं जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं लपवून ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीला बघायला नांदेडहून पाव्हणे आले. आमचं गाव देवणीकडचं. नात थोरल्या मुलाची. बी.कॉम. झालेली, उदगीरला एका आडत दुकानात कॉम्प्युटरवर बसते. सकाळच्या एसटीनं जाते, दिवस मावळता येते. दुकानातले हमाल तिला ताई म्हणतात आणि सौद्याच्या वेळी मालकाच्या आधी तिला विचारतात. स्थळ वरून बघायला चांगलं होतं. मुलगा नांदेडला सरकारी कचेरीत, शेती भोकरकडं, घर स्वतःचं. माझा मुलगा आठवडाभर नुसता हवेत होता. भिंतींना रंग काय, नवीन पडदे काय. मी फक्त एक गोष्ट धरून ठेवली. पोरीला खुर्चीवर बसवायचं चाललं होतं, मी म्हणालो, आपल्यात पाट मांडतात, पाट मांडा. मांडला.

पाव्हणे चार. मुलगा, त्याचे आईवडील आणि मुलाचा मामा. मामा नांदेडात इंग्रजीचे क्लास चालवतो. गाडीतून उतरला तोच सगळ्यांच्या पुढं. मुलाच्या बापानं चप्पल काढायच्या आधी मामाकडं बघितलं, मामानं काढली तेव्हा काढली. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पाव्हणा दारात आला की आपण तोंड मिटतो.

पोहे झाले, पाणी झालं. नात आली, पाटावर बसली, डोक्यावर पदर. मुलाच्या बापानं नाव विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. हे सगळं त्यांना ठाऊक असतं, पण विचारतात. रीत आहे, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. मग मामा पुढं सरकून बसला.

"इंग्लिश कसं आहे तुमचं?"

"कामापुरतं येतं," नात म्हणाली.

"बघू की मग. नांदेडात राहायचं म्हणजे इंग्लिश पाहिजे. सोपंच विचारतो. कॅन, मे, मस्ट, शुड. शाळेत झालंय तुमचं. मी मराठीत वाक्य सांगतो, तुम्ही इंग्रजीत करायचं. सून सासूला विचारते, आई, मी माहेरी जाऊ का. करा."

मला वाटलं, गंमत करतोय. नातीलाही तसंच वाटलं असावं. तिनं वाक्य केलं, त्यात कॅन वापरलं.

"कॅन नाही," मामा म्हणाला. "कॅन म्हणजे जमणं. माझे पाय चालतात का हो आई, असं विचारलंत तुम्ही सासूला." सगळे हसले. "इथं मे पाहिजे. मे म्हणजे परवानगी. परवानगी मागायला आलं पाहिजे माणसाला. पुन्हा म्हणा."

तिनं पुन्हा म्हटलं.

"आता हे करा. सुनेनं पहाटे उठलंच पाहिजे."

हे तिनं बरोबर केलं. मामानं मांडीवर थाप मारली. "शाबास. मस्ट पक्कं आहे बघा हिचं." त्यावर मुलाची आई म्हणाली, "तेवढं आलं तरी लई झालं बाई आम्हाला." परत हसणं. माझा मुलगाही हसला. त्यांच्यापेक्षा त्याच्या हसण्याचा मला जास्त संताप आला. पोरीची मान खाली, कानाच्या पाळ्या लालबुंद. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मुलगा फरशीकडं बघत होता, जसं काही फरशी बघायला आला होता.

मला इंग्रजी येत नाही. ट्रॅक्टरचा गिअर, क्लच आणि फिल्टर एवढंच माझं इंग्रजी. पण कशाला काय म्हणतात हे कळायला शाळा लागत नाही. एक वाक्य इजाजतीचं, एक हुकमाचं, आणि दोन्ही सुनेला. जावयाचं वाक्य त्याच्या क्लासमध्ये शिकवत नसावेत. निजामाच्या काळात माझ्या बापाला देशमुखाच्या ओट्यापुढं टोपी हातात घेऊन उभं राहावं लागायचं. ते सांगताना म्हातारपणीसुद्धा त्याचा आवाज चिरकायचा. आणि इथं माझ्याच घरात, माझेच पोहे खाऊन, एक माणूस माझ्या नातीला उंबऱ्याबाहेर पाय टाकायची इजाजत मागायला शिकवत होता. लग्न जमायचं बाकी असताना.

मी देवणी बैलांचे सौदे करण्यात जन्म घालवला. बाजारात बैलाचे दात बघतात, शेपूट ओढतात, चालवून बघतात. पण भाव कसा करतात? रुमालाखाली. दोघं हातावर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बोलतात. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही कुणी किती कमी सांगितलं. सौदा मोडला तरी मालकाची मान खाली जात नाही आणि जनावरावर बट्टा लागत नाही. एवढी लाज आम्ही बैलाच्या बाबतीत ठेवली. या शिकलेल्या माणसाला पोरीच्या बाबतीत ठेवता आली नाही.

तो तिसरं वाक्य सांगणार तेवढ्यात मी म्हणालो, "सर, एक वाक्य माझं बी करा की."

"बोला ना, आजोबा."

"पाव्हण्यांनी चहा पिऊन आता उठावं."

त्याला सवय लागलेली. तोंडातून निघून गेलं, "द गेस्ट्स शुड," आणि मग थांबला.

माझा मुलगा घाईघाईनं म्हणाला, "आबा लई मिश्कील हायत आमचे. गंमत करतात." स्थळ आणणारा मध्यस्थ आमच्याच गावचा, तोही बसला होता, तो मोठ्यानं हसला, पानाचं तबक फिरवलं. आत मुलाच्या आईनं पोरीची ओटी भरली. गाडी गेली.

मला वाटलं मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यस्थाचा फोन. मुलगी पसंत. वर मामाचा निरोप, इंग्रजी कच्चं आहे, पण लग्नानंतर सहा महिने माझ्या क्लासला बसवू, तयार होईल. संध्याकाळपर्यंत तुमचं कळवा.

माझा मुलगा पेढे आणायला निघाला होता. मी दारात आडवा उभा राहिलो.

"आबा, तो माणूस पोरीच्या भल्यासाठीच बोलला ना? फुकटात शिकवतो म्हणतोय."

"काय शिकवतोय? पाणी प्यायच्या आधी विचारायचं, हे शिकवतोय."

"तुमचं एका मास्तराशी जमलं न्हाई म्हणून आमच्या पोरीचं जमलेलं मोडता का?"

"हाव, मोडतो. मध्यस्थाला फोन मी करणार. या घरात मोठा मी हाय."

तो रिकामी पिशवी खुंटीला अडकवून मागच्या दारानं निघून गेला. मी गोठ्यात जाऊन बसलो आणि दिवसभर काय बोलायचं ते जुळवत राहिलो. नकार देणं सोपं नसतं. एकही शिवी न देता समोरच्याला रात्रभर झोप लागू नये, असा द्यावा लागतो. माझ्या दोन्ही पोरींच्या वेळी नको असलेल्या स्थळांना मीच तसे दिले होते. लोक अजून आठवण काढतात.

संध्याकाळी नात एसटीतून उतरून आली. हौदावर पाय धूत होती तेव्हा मी तिला म्हणालो, "घोर करू नकोस बाई. मी मोडतोय ते."

"मला विचारलं का कुणी?"

"तुला काय विचारायचं? एवढी बेइज्जती झाली तुझी."

"झाली ना. माझीच झाली. पाटावर मी बसले होते, आबा. पाट तुम्ही मांडायला लावला."

"ती रीत हाय."

"हाव, रीत हाय," ती म्हणाली आणि वाद घातला नाही. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. पाटाचा आणि त्या मामाचा काय संबंध, हे मी तिला नीट सांगणार होतो. अजूनही सांगायची माझी तयारी आहे.

ती पाय पुसत म्हणाली, "मामाचं मला काही न्हाई वाटलं. आडतीवर असली माणसं रोज येतात. तो पोरगा गप बसला, त्याचं वाटलं. त्याला एकदा विचारते, मग काय ते ठरवू."

"त्याचा नंबर तुझ्याकडं कसा?"

"बायोडाटा तुम्हीच माझ्याकडून वाचून घेतला होता की."

तिथंच अंगणात उभं राहून तिनं फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. आडपडदा नाही, सरळ विचारलं, काल तुम्ही काहीच का बोलला नाहीत.

मुलगा आधी गडबडला. मग म्हणाला, "मला पण आवडलं नाही ते. खरं सांगतो. पण मामापुढं आमच्याकडं कोणी बोलत नाही. पप्पा पण नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

"आणि क्लासचं?"

"सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे. बसा ना. मामाला बरं वाटेल."

तिच्या तोंडाकडं बघून मला कळत नव्हतं ती काय बोलणार. मग म्हणाली, "बरं. माझ्याकडून नाही समजा. तुमच्याबद्दल मनात वाईट काही नाही." फोन ठेवला, चुलीकडं भाकरी करायला गेली.

माझ्या मनासारखं झालं, असं कुणालाही वाटेल. मला वाटलं नाही. नकार या घरातून जातो तो माझ्या तोंडून जातो. हे कुठून निघालं, अंगणात पाय धुता धुता स्थळ मोडायचं? मी तरी मध्यस्थाला फोन लावला. घसा खाकरला, सुरुवात करणार, तर तोच म्हणाला, "समजलं, आबा. पोरीनंच सांगितलं म्हणं. मामा तिकडं लई भडकलाय."

"भडकू द्या. माझं ऐकून घ्या आधी."

"आता काय ऐकायचं, मिटलं की," म्हणाला आणि ठेवून दिला.

मी चुलीपाशी गेलो. "नाही म्हणायचा मान माझा होता," मी नातीला म्हणालो.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग तुम्ही बी म्हणा की. कोण अडवलंय?"

कुणाला म्हणू? माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, मध्यस्थ ऐकत नाही, आणि नांदेडला जाऊन मामाच्या क्लासच्या दारात मी उभा राहणार नाही, कारण तिथं आत यायची परवानगी मागावी लागत असणार. दिवसभर जुळवलेलं वाया घालवायचा माझा स्वभाव नाही. म्हणून इथं लिहून काढतो.

मामासाहेब, तुम्ही आलात, आमचा मान वाढला. तुमचं ज्ञान मोठं, आमचं घर लहान, त्यात ते मावत नाही. आमची पोरगी माहेरी मनात येईल तेव्हा येईल, आणि पहाटे उठली तर एसटी गाठायला उठेल. तिला बसवायला ठेवलेली क्लासमधली जागा रिकामी ठेवू नका. तिथं तुमच्या भाच्याला बसवा, आणि त्याला तोंड उघडायला शिकवा.