कुंपणाजवळचा पहिला पेला

कोणतीही वस्तू टाकायची वेळ आली की मेस्त्री आधी ती हुंगायचे. बंद पडलेल्या एसीची मोटर असो, शिळा पाव असो, नाहीतर कुणाची तुटकी चप्पल. वस्तू नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे, थोडा वेळ थांबायचं आणि ती होती तिथे परत ठेवून द्यायची. "टाकू नको. अजून जीव आसा." चप्पल हुंगून तिच्यातला जीव कसा कळतो, असं मी एकदा विचारलं होतं. "तुझा नाक घाटावरचा," एवढंच उत्तर मिळालं.

सौदी अरेबियात राबिघला रिफायनरी उभी राहत होती, त्या काळातली ही हकीकत. तेलाचा पैसा असा आला होता की जिथे बघावं तिथे खोदकाम. समुद्राजवळच्या वाळूत आमचा कॅम्प होता. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, खिडकीत घरघरणारे एसी आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण. मी साताऱ्याचा, कंपनीत टाइमकीपर. मेस्त्री मालवणकडचे, एसी मेकॅनिक, आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी आलेलं मी ऐकलं नाही. गावी त्यांचं घर अर्धं बांधून पडलं होतं. "छप्पर झाला. आता दारां-खिडक्यो रवल्या," असं ते दर करार संपताना म्हणायचे आणि पुन्हा नवा करार करायचे.

खोलीत आमच्याबरोबर दत्ताराम होता, रायगडकडचा. तो रिगर, म्हणजे क्रेनला अवजड पाइप बांधून द्यायचं त्याचं काम. धिप्पाड, हसरा, जेवणावर आडवा हात मारणारा. एके दिवशी त्याची बायको गावाला तापाने गेल्याचं कळलं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आम्हाला तिथे कामाला आणणाऱ्या अरब मालकाकडे. बाहेर जाण्याचा शिक्का मिळेपर्यंत घरी तेरावं उरकलं होतं. मग तो गेलाच नाही. लहान मुलगी बहिणीकडे राहिली आणि दत्ताराम इथे पाइप उचलत राहिला.

त्यानंतर तो सदीकी प्यायला लागला. दारूबंदीच्या त्या देशात चोरून गाळलेल्या दारूला लोक सदीकी म्हणायचे. अरबीत त्याचा अर्थ 'माझा मित्र'. हा मित्र कशापासून बनवलेला आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. पलीकडच्या कॅम्पातला एक वेल्डर ती पिऊन आंधळा झाला. दोघांनी हाताला धरून त्याला गाडीत बसवलं, ते आम्ही फाटकापाशी उभे राहून पाहिलं. दत्तारामही आमच्यात होता. त्याच आठवड्यात तो पुन्हा पिऊन आला.

"ह्येका एकदम तोडून चलाचा नाय," मेस्त्री मला म्हणाले. "दुसरा कायतरी देवूक व्हया."

ते दुसरं काय, हे त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. पण गोऱ्या इंजिनियरांच्या वसाहतीत एसी दुरुस्त करायला तेच जायचे. तिथला एक इंग्रज साहेब न्हाणीघरात स्वतःपुरती बियर बनवायचा. पेल एल म्हणायचा तिला. तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने मेस्त्रींना एक बिस्किटांचा डबा दिला आणि लांब नेऊन वाळूत रिकामा करायला सांगितला. डब्यात फोडलेल्या पुड्या होत्या, प्रत्येकीच्या तळाशी मूठ-दोन मूठ उरलेली. हॉप्स म्हणे. बियरला कडवटपणा आणि वास आणणारी वाळकी हिरवी फुलं. आता मेस्त्रींच्या हातात डबा दिला आणि टाकून ये म्हटलं, तर पुढे काय होणार हे तुम्हाला सांगायला नको.

"तिरफळाची मावशी आसा ही," खोलीवर येऊन त्यांनी जाहीर केलं. तिरफळ म्हणजे कोकणात माशाच्या कालवणात घालतात ते उग्र वासाचं फळ.

पहिला प्रयोग फसला. जवाचं बिनदारूचं गोड पेय दुकानात राजरोस मिळायचं. ते, साखर, पावाचं यीस्ट आणि दोन पुड्यांतली सगळी फुलं. मेस्त्रींनी ती फुलं काढा करतात तशी आटेस्तोवर उकळली. पुढे ते पाणी एसीच्या गारव्यात झाकून ठेवलं आणि तयार झाल्यावर आम्ही एकेक घोट घेतला. माझी जीभ दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत कडू होती. दत्ताराम म्हणाला, "जंतांवर चांगली आहे."

मेस्त्री दोन दिवस स्वतःवर चिडून होते. "बांगड्याच्या तिखल्यात तिरफळा कोण इतकी उकळता? ठेचूची आणि शेवटाक घालूची. माका कळूक नको?" पुढच्या खेपेला त्यांनी मूठभर फुलं नुसती ठेचली, भांडं उतरवताना आत सोडली आणि वर ताट झाकलं. त्या शुक्रवारी दुपारी पेले भरले तेव्हा कुणी लगेच प्यायलंच नाही. ओल्या गवताचा आणि संत्र्याच्या सालीचा वास खोलीभर पसरला होता. बाहेर वाळू आणि डिझेल याशिवाय कसलाही वास नसलेली ती जागा. दत्तारामने पेला दोन्ही हातांत धरला होता. "आमच्या बांधावर असा वास यायचा, गवत कापताना," तो म्हणाला. बायको गेल्यापासून घराबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता.

मेस्त्रींनी तिथेच अट घातली. आठवडाभर त्या मित्राकडे जायचं नाही. शुक्रवारी दुपारी एक पेला इथे मिळेल. दत्तारामची रजा लागेपर्यंत हे चालवायचं आणि त्याला डोळ्यांनिशी मुलीकडे पाठवायचं. एवढाच बेत होता.

यात यीस्टची सोय हुसेनभाईंची. ते मेसमध्ये रोट्या करायचे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, नमाज न चुकवणारे, दारूचा थेंब न शिवलेले. त्या वेल्डरला गाडीत बसवणाऱ्या दोघांपैकी एक तेच. यीस्टची पुडी मेस्त्रींच्या हातात ठेवत ते म्हणाले, "मी पावासाठी देतोय. पाव कुठे दिसला नाही, तरी विचारायचा नाही मी." आणि डोळे पुसायला ते भट्टीकडे वळले. धूर होता म्हणाले.

आम्हाला भीती नव्हती असं समजू नका. पकडलं तर तुरुंग, फटके आणि हकालपट्टी, हे सगळ्यांना पाठ होतं. मेस्त्रींना मात्र त्याहून मोठी काळजी राखणदाराची होती. कोकणात जागेचा राखणदार असतो, त्याला मान दिल्याशिवाय ही माणसं घास घेत नाहीत. प्रत्येक खेपेचा पहिला पेला मेस्त्री जनरेटरच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचे आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायचे.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तुझा नाव माका म्हायत नाय, तुझी भाषा माका येणा नाय. तुझ्या हद्दीत आमी पोटासाठी इलंव. ही लेकरां जशी इली, तशी आपापल्या घराक पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" बाकीचे म्हणायचे. मी कधी म्हणालो नाही. मला हे सगळं पोरकट वाटायचं. इथल्या राखणदाराला दारू कशी चालेल, त्यापेक्षा पाणी ठेवा, असा सल्लाही मी दिला होता.

"जा आपण पितो ता तेका देवचा," मेस्त्री म्हणाले. "आपण लपवून प्यालो आणि तेका पाणी दिला, तर तो आमका सांभाळीत कशाक?"

फुलं संपत चालली तशी आम्ही एकेक जण दुपारच्या बैठकीतून गळालो. कुणाला अचानक आम्लपित्त झालं, कुणी शनिवार धरला आणि तो शुक्रवारपासूनच पाळायला लागला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. राहिलं ते दत्तारामपुरतं. मोठं पातेलं जाऊन लहान आलं, मग चहाचं आलं. या पुडीतली चार आणि त्या पुडीतली चार फुलं एकत्र करून मेस्त्री ठेचायचे. एकदा वापरलेली वाळवून पुन्हा वापरायचे. इंग्रजाच्या चार प्रकारच्या फुलांची त्यांनी शेवटी मिसळच करून टाकली होती.

मध्ये एकदा दत्ताराम घसरला. मुलीचा वाढदिवस होता. सदीकी पिऊन आला आणि खोलीच्या दारातच आडवा झाला. आमचा सगळ्यांचा धीर सुटला. याच्यासाठी आपण सुळावर चढायचं आणि हा असा? मी म्हटलं, "मेस्त्री, पुरे झालं. सोडा याला." मेस्त्री उकिडवे बसले. दत्तारामच्या तोंडाशी वाकले, डोळे मिटून त्याचा श्वास हुंगला. मग त्याचं डोकं उचलून स्वतःच्या उशीवर ठेवलं.

"टाकू नको," ते मला म्हणाले. "अजून जीव आसा."

त्यानंतर दत्ताराम पुन्हा गेला नाही.

त्याची रजा मंजूर झाली, शिक्का बसला, तिकीट आलं. पुढच्या शुक्रवारी विमान होतं. मेस्त्रींनी डब्यातली उरलेली फुलं काढली. तळाशी थोडा चुरा तेवढा राहिला. ही शेवटची खेप. पण त्याच आठवड्यात कुंपणाच्या त्या कोपऱ्यात, जनरेटरच्या मागे, पहारेकऱ्याची नवी केबिन येऊन उभी राहिली होती.

आम्ही सगळ्यांनी त्यांना विनवलं. या खेपेला पेला नको. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, नाहीतर मनातल्या मनात ठेवा. दत्तारामने तर पाय धरले.

"इतके दिवस तेना सांभाळल्यान," मेस्त्री म्हणाले. "आणि आता माणूस घराक जाताना तेचो मान चुकवू? केबिन आता इली. तो आधीपासून थयच आसा."

ते गेले. पेला ठेवला, हात जोडले. परत आले तेव्हा चेहरा असा शांत होता की क्षणभर मलाही वाटलं, काही होणार नाही.

थोड्याच वेळात दार उघडलं. कॅम्प बॉस आणि दोन पहारेकरी. एकाच्या हातात कुंपणाजवळचा पेला. एसीमागचं पातेलं सापडायला वेळ लागला नाही. बॉसने इंग्रजीत विचारलं, हे कुणाचं. दत्ताराम उठून उभा राहिला. तो तोंड उघडणार तेवढ्यात मेस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाटेवर बसवलं. पाइप उचलणारा तो गडी मेस्त्रींच्या वाळक्या हाताखाली बसून राहिला.

"माइन, सर. ओन्ली माइन," मेस्त्री म्हणाले. "दे डोन्ट नो."

पहारेकऱ्याने फळीवरचा बिस्किटांचा डबा उघडून आतला चुरा हुंगला. दारात गर्दी झाली होती, तिच्यात हुसेनभाई होते. "बहारात," ते अरबीत म्हणाले. मसाला. त्यांना खोटं बोलताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. डबा फळीवर परत गेला.

मेस्त्रींनी पायांत चपला घातल्या. घराच्या दारां-खिडक्यांचा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला असेल की नाही, कोण जाणे. माझ्या मनात आला. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "ह्येका इमानात बसव."

मला ते पुन्हा भेटले नाहीत. तुरुंगातून त्यांना परस्पर मुंबईला पाठवल्याचं आम्हाला पुढे कधीतरी कळलं. पण आता सांगायची राहिलेली दुपार त्याआधीची, दत्ताराम निघाला त्या शुक्रवारची.

सामान गाडीत ठेवून झालं होतं. दत्ताराम म्हणाला, "थांबा जरा." खोलीत जाऊन त्याने डबा आणला आणि पेलाभर पाणी. डब्यातला चुरा त्याने पाण्यात झटकला आणि भर दुपारी, केबिनच्या समोर, कुंपणाच्या कोपऱ्यात तो पेला वाळूत ठेवला. पहारेकरी केबिनच्या पायरीवर येऊन उभा राहिला. आम्ही सगळे दत्तारामच्या मागे.

"बा महाराजा," दत्ताराम म्हणाला आणि अडला. पुढचं त्याला येत नव्हतं. मालवणी त्याची बोली नव्हे. "महाराजा, आमचे मेस्त्री आत आहेत. तुझ्या हद्दीत आहेत. तेवढे घरी पोचव."

इतके दिवस ओरडून साथ देणारे सगळे खाली बघत होते. मग "व्हय म्हाराजा" असा आवाज आला. तो माझा होता. माझ्या मागोमाग सगळे म्हणाले.

पहारेकरी पायरी उतरून आला. आम्ही जागचे हललो नाही. त्याने पेला उचलला, नाकाशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला. नुसतं पाणीच होतं ते, पण वास त्या फुलांचा होता. त्याने दत्तारामकडे पाहिलं. मग वाकला आणि पेला होता तिथेच, त्याच खळग्यात, अलगद परत ठेवून दिला.