मतभेदाचा मुद्दा

दोन्ही हात पुढे करायचे. एक तळहात उताणा, एक पालथा. उताणा म्हणजे हो, पालथा म्हणजे नाही. "बोला आता, हा कशाला हो म्हणाला? तो कशाला नाही म्हणाला? दोघं एकाच गोष्टीवर बोललेत का?" तर्कक्षमतेच्या तासाला आमच्या सरांचं हे रोजचंच. नगरमध्ये स्पर्धा परीक्षांचे क्लास उदंड झालेत, पण 'दोघांमधला मतभेदाचा मुद्दा ओळखा' हा प्रश्न आला की पोरं यांचंच नाव घ्यायची. मी त्याच क्लासात अंकगणित शिकवतो. माझ्या तासाला पोरं पेंगतात, त्यांच्या तासाला तावातावाने भांडायची. आता ते क्लास सोडून गेलेत. कुठे, कुणाला पत्ता नाही.

फळ्यावर ते साधीच माणसं उभी करायचे. एक बाई म्हणते, गावाला रुंद रस्ता हवा. दुसरी म्हणते, ग्रामपंचायतीकडे पैसा नाही. पोरं ओरडायची, "सर, रस्ता करावा की नाही, यावर मतभेद!" सर शांतपणे विचारायचे, "रस्ता नको असं ती कुठे म्हणाली? न बोललेलं धरायचं नाही. पेपरात मार खाल."

एकदा अभ्यासिकेत पंख्यावरून दोन पोरींची जुंपली. एक म्हणे जीव उकडतोय, दुसरी म्हणे माझे कागद उडतात. हे मधे जाऊन हात पसरून उभे! "उकडत नाही असं ही म्हणाली का? कागद उडत नाहीत असं ती म्हणाली का? मग भांडताय कशावर?" पोरी हसत सुटल्या आणि एकीने जागा बदलली. मी म्हणालो, "सर, तुम्ही वकील व्हायचं सोडून इथं कुठं खडू झिजवताय?" ते लाजून हसले.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटं नाही. पाथर्डीकडच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ राहायचा आणि त्याच्याजवळ म्हातारी आई. आईला दम लागायचा. सरांना वाटे तिला नगरला आणावं, भाऊ पाठवायला तयार नव्हता. यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. तेवढं एक मिटलं असतं तर माणूस सुखाने जगला असता.

एका रविवारी मला म्हणाले, "चला माझ्याबरोबर. आज मिटवतोच."

आम्ही गेलो. भावाने 'बसा'सुद्धा म्हटलं नाही, त्याच्या बायकोने पाणी दिलं. आणि आमच्या सरांनी, देवा रे, तिथेही हात पुढे केले! "हे बघ, मी म्हणतो आईला दवाखाना जवळ हवा. तू म्हणतोस तिला गावातच करमतं. दवाखाना नको असं तू म्हटलं नाहीस. गावात करमत नाही असं मी म्हटलं नाही. म्हणजे आपल्यात मतभेदच नाही!"

चेहरा असा फुलला होता, जसं काही अवघड गणित सुटलं.

भावाने त्या पुढे केलेल्या हातांकडे बघितलं. "म्हंजी दादा, मी इतकी वर्सं उगाच जळतोय व्हय?"

"तसं नाही रे. पण तू जे बोललास त्यातून…"

"समदं बोलूनच दाखवायचं का?" तो उठून गेला तो आम्ही निघेपर्यंत आला नाही. आई खाटेवरून म्हणत होती, "आरं, जेवून तरी जा."

खरं सांगतो, मला सरांचा राग आला. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला धाकटा गेला, म्हणून थोरला शाळेत राहिला. हे कधी कुणी बोलतं का? आणि बोललं नाही म्हणून ते नसतं का?

पावसाळा सरता सरता म्हातारी गेली. दहाव्याला मीही गेलो होतो. दोघं भाऊ मुंडण करून ओढ्याकाठी बसलेले. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार कावळे बसलेले, एकही खाली येईना. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "आईचा जीव तुमा दोघांत आडकलाय. दोघं नीट ऱ्हातो आसं म्हना."

सरांनी लगेच हात जोडले. "आई, आम्ही दोघं नीट राहू. तू काळजी करू नकोस."

मग सगळे धाकट्याकडे बघायला लागले. "म्हन की रं तू बी. आईसाठी म्हन."

तो पिंडाकडे बघत होता. डोळ्यांतून धार लागली होती, पण ओठ काही उघडले नाहीत. दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी म्हाताऱ्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि माणसं पांगली.

परतताना जीपने करंजीचा घाट उतरला. तेव्हा सरांनी एकदम माझं मनगट धरलं.

"सर, 'नाही' असं तर तो म्हणाला नाही ना?"

"नाही हो सर," मी म्हणालो. "तसं काही ते बोलले नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडायला लागले. जीप गच्च भरलेली होती. त्यांचं ताजं मुंडण बघून लोक काय ते समजले, आणि कुणी काही विचारलं नाही.