शंभर गोळ्यांची बाटली

“चोरून खाती” हे शब्द हरणाबाईच्या कानावर पहिल्यांदा पडले ते चौऱ्याण्णव सालच्या गौरीच्या सणाला. सासू दगडाबाई परड्यात उभी राहून शेजारच्या बनाबाईला सांगत होती, आणि हळू बोलायची रीत दगडाबाईच्या माहेरी नव्हतीच.

“ताटात बगावं तर एक भाकरी. आन् अंगाकडं बगावं तर पेंड खाल्लेली म्हस! मग येतंय कुटनं एवढं? सांग की. चोरून खाती, दुसरं काय!”

“तरी म्हनलं, तुमच्यात मांजर का टिकत न्हाई,” बनाबाई म्हणाली आणि दोघी खदाखदा हसल्या.

हरणाबाई सकाळपासून चुलीपुढनं हलली नव्हती. पोटात कपभर चहा, एवढाच. तिनं हातातली पळी अशी आपटली की आमटीचा शितोडा भिंतीवर गेला. बोलायला आवाज तरी कुठं धड राहिला होता? घोगरा, जड, एखाद्या बाप्यासारखा झाला होता.

ह्याच हरणाबाईला वीस वर्षांपूर्वी लग्न करून ह्या कृष्णाकाठच्या गावात आणली, तेव्हा डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ती बांधावरनं अशी चालायची की मागनं येणारा धापा टाकायचा. आता अडतिसाव्या वर्षी रिकाम्या हातानं विहिरीपर्यंत गेली तरी पाय भरून यायचे. तोंड सुजल्यासारखं. केस विंचरले की फणीत मूठभर. चैतातल्या उन्हात लोक झाडाखाली पालथे पडायचे तेव्हा ही नवऱ्याचा स्वेटर घालून उसातलं तण भांगलायची. आणि झोप तर अशी, की शेंगा फोडता फोडता मान पडायची. काम मात्र एक चुकलं नव्हतं. धारा, शेण, भाकऱ्या, भांगलण, सगळं होतं. फक्त पूर्वी जे दुपारपर्यंत उरकायचं ते दिवस बुडेपर्यंत चालायचं.

गौरी गेल्या आणि दगडाबाईनं फडताळाला कुलूप घातलं. फडताळात होतं काय, तर गुळाची ढेप, शेंगदाण्याचा डबा आणि तुपाची बरणी. किल्ली कमरेच्या चंचीत, तंबाखूच्या शेजारी. सैपाकाला गूळ लागला तर हरणाबाईनं हाक मारायची, आणि म्हातारीनं येऊन सुपारीएवढा खडा तिच्या हातावर ठेवायचा.

हरणाबाईला गुळाची हाव नव्हती. तिच्या तोंडाला आताशा चवच नव्हती. पण ज्या घरात वीस वर्षं शेण काढलं त्या घरात चोर ठरायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. वजन उतरलं की किल्ली उतरेल, एवढं तिनं मनाशी धरलं.

नवरा कृष्णात कुपवाडला एका फौंड्रीत कामाला होता. रोज एम-एटीवरनं जायचा यायचा. भला माणूस, पण तोंडाचा फटकळ. दिवाळी झाल्यावर त्यानं तिला मागं बसवून मिरजेला दवाखान्यात न्यायचं काढलं, तर गावाबाहेरचा चढ गाडी चढेना.

“उतर जरा,” तो म्हणाला. “पुढचं चाक उचलाय लागलंय.”

“उतरती. तुमची गाडीबी मलाच नावं ठेवाय लागली का आता?”

ती चढ चालून गेली. वर पोचेपर्यंत कृष्णातची एक बिडी ओढून झाली होती.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं हरणाबाईचा गळा चाचपला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, रक्त काढून मुंबईला धाडलं. आठ दिवसांनी कागद आला.

“तुमच्या गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात,” ती म्हणाली. “ती मंद पडलीय. चुलीत लाकडं भरपूर आहेत, पण जाळच धरत नाही, असं समजा. म्हणून थंडी, म्हणून सूज, म्हणून हे वजन.”

हरणाबाईचा जीव एकदम हलका झाला. “म्हंजी खाल्ल्यानं न्हवं?”

“नुसतं खाल्ल्यानं नव्हे. ही शंभर गोळ्यांची बाटली. रोज पहाटे उठल्याबरोबर एक, नुसत्या पाण्याबरोबर. पोट अगदी रिकामं पाहिजे. पुढं तासभर चहा नाही, दूध नाही. दोन महिन्यांनी परत या, गोळी कमीजास्त करावी लागेल. दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा.”

“आन् किती दिवस घ्यायची?”

“जन्मभर.”

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, “आत्ती, माझा रोग हाय ह्यो. खाल्ल्याचं न्हवं.”

“व्हय,” दगडाबाई तंबाखू मळत म्हणाली. “खाऊन खाऊन झालेला रोग.”

मग हरणाबाईनं ठरवलं, आता दोन्ही बाजूंनी दाबायचं. एकीकडं गोळी आणि दुसरीकडं उपास. ही अक्कल बनाबाईची. “चार उपास धर आठवड्याला,” ती म्हणाली होती, “चार महिन्यात उसाचं चिपाड हुतीस बग.” सोमवार महादेवाचा होताच. त्यात गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार जोतिबाचा घातला. वर एकादशी, संकष्टी. उपास धरला तर तो पाळायचा, हे दगडाबाईच्या घरचं वळण. देवाची पूजा झाल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा जायचा नाही. पूजा करायची दगडाबाईनं, आणि गुडघे धरले असल्यानं तिची आंघोळ, फुलं, चंदन हे सगळं होईपर्यंत नऊ वाजायचे. मग साबूदाणा, नाहीतर शेंगदाण्याची आमटी आणि वरी.

गावात माणसं जोखायचा काटा नव्हता. सोसायटीच्या गोदामात खताची पोती जोखायचा होता. हरणाबाई महिन्याच्या महिन्याला तिथं जायची. पहिल्यांदा मापाडी म्हणाला, “दीड पोतं आन् वर तीन किलो.” अठ्ठ्याहत्तर. संक्रांतीला ऐंशी. शिमग्याला साडेऐंशी.

“वयनी,” मापाडी म्हणाला, “ह्या काट्यावर पोतं ठेवलं की वजन घटतंच बगा, येताना वाटंत सांडतं म्हनून. तुमचंच कसं काय न्हाई सांडत?”

“तुझं तोंड सांडतंय की रं मुडद्या, तेवढं बास हाय,” असं म्हणून ती खाली उतरली. घरी येऊन गोठ्यात म्हशीच्या आड बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. आठवड्याचे चार दिवस उपाशी. उरलेल्या तीन दिवसांत अर्धी भाकरी. डोळ्यांपुढं अंधारी येतीय. आणि काटा वरच! अरे, वारा खाऊन वजन वाढतंय का काय? एखाद्याला वाटेल, दगडाबाई म्हणते तेच खरं. हरणाबाईला स्वतःलाच शंका यायला लागली की आपण झोपेत उठून फडताळ फोडतोय की काय.

दोन महिन्यांनी दवाखान्यात जायचं होतं ते राहूनच गेलं. ऊस तोडायला टोळी आली, मग कृष्णातला सुट्टी मिळेना, मग म्हैस व्याली. बाईमाणसाचा रोग म्हशीच्या मागं उभा राहतो. जायला वैशाख उजाडला. आणि ह्या खेपेला दगडाबाई म्हणाली, “मीबी येती.”

“तुमी कशाला, आत्ती? गुडघं दुखत्याती न्हवं?”

“डाक्टरनीला खरं कोन सांगनार मग? तू?”

एम-एटीवर तिघं मावणं शक्य नव्हतं. कृष्णात परस्पर कुपवाडला गेला आणि सासूसुना यष्टीनं मिरजेला. वाटेत दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईनं वजन केलं. एक्क्याऐंशी. तिच्या कपाळाला आठी पडली.

“गोळी रोज घेता ना?”

“व्हय की. रोज.”

हरणाबाई खोटं बोलत नव्हती. उपासाचा दिवस ती रोजच्यात धरतच नव्हती. रोज म्हणजे जेवणखाणाचा दिवस. उपास म्हणजे उपास.

“आवं डाक्टरीनबाई,” दगडाबाई खुर्ची पुढं ओढून म्हणाली, “गोळीचं सोडा. हिला जरा खडसवा. चोरून खाती ही. तुमच्यापुढं कबूल करू द्या, म्हंजी माझं मन मोकळं.”

हरणाबाईनं पिशवीतनं बाटली काढून टेबलावर ठेवली, म्हणजे आपटलीच. “बगा बाई. ही तुमची गोळी. अर्ध्या वर्साची घेतीया. माझ्या घरात मला चोर म्हनत्यात, आन् तुमच्या गोळीनं एक छटाक उतरलं न्हाई. काय उपेग हिचा?”

बाटली आपटल्यावर खुळखुळली. डॉक्टरीणबाईनं ती उचलली, कानाशी हलवली, झाकण काढून आत बघितलं.

“ही कितवी बाटली?”

“कितवी म्हंजी? तुमी दिल्याली तीच की.”

“शंभर गोळ्यांची? सहा महिने? आणि अजून तिशेक शिल्लक आहेत?” तिचा आवाज चढला. “बाई, ही सव्वातीन महिन्यांत संपायला पाहिजे होती! उरल्या कशा?”

“उपासाच्या दिवशी कशी घेऊ?” हरणाबाईचाही आवाज चढला. “तुमीच म्हनला, पहाटं उटल्याबरूबर पानी पिऊन घ्यायची, रिकाम्या पोटी. आमच्यात पूजेआदी पानी चालत न्हाई. पूजा झाली की मी साबूदाना खाती, मग पोट रिकामं कुटं? म्हनून तुमचंबी राखलं आन् देवाचंबी राखलं. गोळी ठेवून दिली.”

“आठवड्याला किती उपास?”

“चार. आन् एकादशी, संकष्टी वायली.”

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. शिकलेल्या माणसाला शिव्या देता येत नाहीत, त्याची ही अडचण.

“म्हणजे वजन उतरायला उपास धरलेत,” ती सावकाश म्हणाली, “आणि उपासापायी औषध सोडलंत. जेवढे उपास जास्त, तेवढी गोळी कमी. वर शेंगदाणे आणि साबूदाणा. पण मला सांगा, उपास खरंच कडक होते की मध्ये काही चघळत होता?”

आता हे बोलणं तिनं हरणाबाईला उद्देशून केलं होतं. पण घराण्याच्या उपासावर कुणी बोट ठेवलं की दगडाबाईला गप्प बसवायचं नाही.

“ओ बाई!” म्हातारी उसळली. “आमच्या घरचा उपास हाय त्यो! एक थेंब न्हाई जात तोंडात. मी सोता बसती न्हवं तिच्यापुढं? दिवसभर डोळा काडत न्हाई तिच्यावरनं. फडताळाला कुलूप, किल्ली हितं, माझ्या कमरंला. खाईल कुटनं?”

बोलली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. तोंड उघडंच राहिलं.

डॉक्टरीणबाईनं डोळे उघडले. “मग आजी, ती चोरून खात नाही हे तुम्हीच सांगताय की.”

दगडाबाईनं चंची काढली, मग दवाखान्यात आहोत हे आठवून परत कमरेला खोचली. हरणाबाई सासूकडं बघत राहिली, पापणी न हलवता.

डॉक्टरीणबाईनं नवी बाटली लिहून दिली. उपास दोनावर आणा म्हणाली, आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही. नुसत्या गोळीनं सगळं वजन जाणार नाही, सूज जाईल, ताकद येईल. बाकीचं चालून आणि बेतानं खाऊन उतरवायचं. हे सगळं झालं, पण गाठ होती तिथंच होती. पूजेआधी पाणी कसं प्यायचं? ह्याचं उत्तर यष्टीत, खिडकीबाहेर बघत, दगडाबाईनं काढलं.

“तीर्थानं घे.”

“काय?”

“गोळी. देवापुढं ठेवायची, मग तीर्थासंगं घ्यायची. परसादानं उपास मोडत न्हाई. पंचामृत न्हाई, नुस्तं पानी आन् तुळस. दूध नगं म्हनली न्हवं ती?”

“पर आत्ती, तुमची पूजा हुती नऊला. वर गोळीचा तासभर. धापर्यंत मी बिनच्याची काम करू?”

ह्यावर दगडाबाईनं असा सुस्कारा सोडला की पुढच्या बाकावरचा माणूस वळला. “उटती पाचाला. काय करती मग! तुझ्या गळ्यापायी ह्या वयात गार पान्यानं आंगूळ माझ्या नशिबात लिवलीया.”

आणि ती उठली. रोज पाचाला, रोज कुरकुरत. “देवा, ह्या बयेची गिरंथी का काय ती चालू कर, आन् मला झोपू दे,” असं मोठ्यानं म्हणत गोळी देवापुढं ठेवायची आणि पळीभर तीर्थ सुनेच्या हातावर घालायची.

दसऱ्यापर्यंत हरणाबाईच्या तोंडावरची सूज ओसरली. स्वेटर पेटीत गेला. आवाज चिरका का होईना, पण बाईचा झाला. मिरजेची पायरी दोनदा चढून झाली, गोळी थोडी वाढली. आणि वजन? सोसायटीच्या काट्यावर शहात्तर. दीड पोतं आणि वर एक किलो. पाच महिने तोंड आवरून, रोज सकाळी कालव्यापर्यंत चालून, पाच किलो! हरणाबाईनं काट्यालाच लाथ घातली. पण गावाबाहेरचा चढ मात्र आता कृष्णातची बिडी पेटायच्या आत चालून व्हायला लागला, आणि कृष्णातनं त्यावर एक शब्द काढला नाही. त्याच्या मानानं हे कौतुकच.

दिवाळीच्या आधी बनाबाई करंज्यांना खोबरं किसायला आली. हरणाबाई चुलीपुढं, दगडाबाई भिंतीला टेकून. बनाबाईनं हरणाबाईला खालनं वर न्याहाळलं.

“सुकलीस की गं. साकरंचं दुखनं झालं का काय?” आणि लगेच दगडाबाईला डोळा घालून, “का कुलूप चांगलं लागलंय?”

हरणाबाईच्या हातातली पळी थांबली.

“तुझ्यात हाय का गं दम?” दगडाबाई म्हणाली. “सहा म्हैनं चार चार उपास काडलं तिनं, मी बगितलंय ह्या डोळ्यांनी. तू एक सोमवार काडून दाव. दुपारच्याला भजी तळतीस, वास येतोय हिकडं.”

बनाबाईनं मान खाली घालून खोबरं किसायला घेतलं. दगडाबाईनं चंची सोडली, तंबाखू बाजूला केला आणि किल्ली जमिनीवरनं सुनेकडं सरकवली.

“घे. गूळ काड करंजीला. माझं गुडघं दुखत्यात, सारखं कोन उटनार.”

वर्षभरानं हरणाबाईनं ते फडताळ उघडलं. ढेपेतला बोटभर खडा मोडला, वळली, आणि दोघींच्या देखत तोंडात टाकला.

“आता म्हनताय व्हय, आत्ती,” ती गूळ चघळत म्हणाली. “वरीसभर तोंड शिवलं हुतं का?”

“खा गप,” दगडाबाई म्हणाली. “आन् एवडाच हां. उद्या पाचाला उटायचंय मला.”