दुसऱ्या क्लॅरिनेटचा कागद

आमच्या बाबांना क्लॅरिनेट वाजवता येत नाही, असा आमच्या घरात पक्का समज होता. बाबा तीस वर्षं अमरावतीला पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झाले, सरकारनं त्यांना पगार दिला तो त्याचाच, तरी समज काही हलला नाही. कारण ते घरी सराव करत तेव्हा आम्हाला गाणं म्हणून काही ऐकूच येत नसे. एक सूर लांब धरायचा, मग दोन तुटके सूर, मग गप्प राहून मनात काहीतरी मोजायचं, की पुन्हा तोच सूर. बडनेऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत आई भाकरी थापता थापता विचारायची, "अवो, गानं कवा चालू होते?" त्यावर मी खो-खो हसायची. बाबा कागदावरची नजर न काढता वाजवत राहायचे. जयंतीला पाहुणे जमले की कुणीतरी म्हणायचंच, एखादं गाणं होऊन जाऊ द्या. बाबा म्हणत, जमत नाही. मला त्यांची लाज वाटायची, हे आज लिहायला जड जातं, पण वाटायची. परेडला बँड झकास वाजे, तो बाकीच्यांमुळे, असं मी धरून चालले होते.

आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे. अकोल्यात राहते, बार्शीटाकळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि चार वर्षांपासून बासरी शिकते. आई गेल्यापासून बाबा बडनेऱ्याला एकटेच असतात, म्हणून दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी त्यांच्याकडे जाते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी पालक निवडता निवडता त्यांनी सांगितलं, की दातांच्या डॉक्टरनं वरचे पुढचे चार दात काढायला सांगितलेत, होळीनंतरच्या मंगळवारी. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांनीच धरावं लागतं. कवळी लावूनही वाजवता येतं म्हणतात, पण बाबांचा त्यावर विश्वास नव्हता. दात गेले म्हणजे वाजवणं गेलं, एवढं बोलून त्यांनी पालकाची देठं कागदात गुंडाळली.

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, त्याआधी आपण दोघं मिळून एकदा वाजवू. ते लगेच हो म्हणाले, फक्त एक अट घातली.

"कागद आन. बिना कागदाचं मले येत नाई."

बँडच्या माणसाचं हे असंच असतं. जन्मभर समोर कागद, त्यावर पाच रेघा, रेघांवर टिंबं, आणि पुढ्यात बँडमास्तरचा हात. ऐकून उचलायची सवयच नाही. आणि माझं सगळं उलट. मला सा रे ग म पलीकडे काही वाचता येत नव्हतं. बासरी आणि क्लॅरिनेट यांचं एकत्र लिहिलेलं काही मिळतं का, म्हणून मी अमरावतीतल्या एका पेटी-तबल्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं भजनांची चार पुस्तकं काढून दाखवली, माझं म्हणणं पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, जुगलबंदी का कोनी लिहून करते?" अकोल्यातल्या माझ्या गुरुजींनीही वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. त्यांना काय सांगणार, की माझ्या बापाला लिहूनच लागतं.

शेवटी इंटरनेटवर शोधायला बसले, तर तिथे उलटीच गत. बासरी आणि व्हायोलिन, बासरी आणि गिटार, बासरी आणि पियानो, नुसता खजिना. बासरी आणि क्लॅरिनेटचंही होतं, पण ते चाव्यांच्या विलायती बासरीसाठी लिहिलेलं. माझ्या सहा भोकांच्या बांबूला ते झेपणारं नव्हतं. तीन आठवडे वह्या तपासायच्या सोडून मी तेच चाळत होते. मग दोन बासऱ्यांसाठी लिहिलेली एका जुन्या नाचाची सोपी चाल मिळाली. एक बासरी मी, दुसरीच्या जागी बाबांचं क्लॅरिनेट, त्यात काय एवढं! झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती काढल्या, माझ्या प्रतीवर रेघा मोजून मोजून टिंबांखाली सा रे ग म लिहिलं आणि महिनाभर घोकलं.

मग एका रविवारी बाबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा पुसला आणि वरची, म्हणजे मुख्य चालीची ओळ मला देऊन खालची स्वतःकडे घेतली. मी आग्रह केला, वरची तुम्ही घ्या. ते म्हणाले, "मी सेकंडचा मानूस हाओ. वरचं म्या कधी वाजवलंच नाई." मला वाटलं, टाळताहेत.

वाजवायला लागलो आणि पहिल्याच ओळीत अंगावर काटा आला. इतकं बेसूर मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही ऐकलेलं नाही. माझं मन म्हणालं, बघ, आई बरोबर होती. मी दोनदा अडखळून थांबले, पण बाबा थांबेनात. ते थेट शेवटच्या सुरापर्यंत गेले आणि मग क्लॅरिनेट मांडीवर ठेवून म्हणाले, "हा कागद माहा नाई."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. क्लॅरिनेट कागदावरच्या सुरापेक्षा एक सूर खाली बोलतं. कागदावर सा असला, तर त्यातून कोमल नी निघतो. म्हणून क्लॅरिनेटचा कागद वेगळा, एक सूर चढवून लिहावा लागतो. बँडमध्ये पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. मी विचारलं, मग तुम्हाला कधी कळलं? पहिल्या ओळीतच. मग थांबला का नाहीत? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्याकडे पाहीन. बँडमास्तरचा हात खाली आल्याशिवाय थांबायचं नसतं. बाजूचा चुकला, पाऊस आला, टोपी उडाली, आपली ओळ सोडायची नाही.

पुढच्या रविवारी मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा नेला. बाबांनी पट्टी घेऊन पाच-पाच रेघा मारल्या आणि सगळी खालची ओळ एक सूर चढवून नव्यानं लिहून काढली. एका बैठकीत होण्यासारखं नव्हतं, म्हणून रोज थोडं थोडं लिहायचे. फोनवर सांगायचे, आज चार ओळी झाल्या. कागदाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, सेकंड क्लॅरिनेट.

होळी झाली. मंगळवारच्या आधीच्या रविवारी दुपारी आम्ही बसलो. या वेळी सूर जुळले. इतके जुळले की मी वाजवता वाजवता ऐकायला लागले, आणि तिथेच घोळ झाला. दुसऱ्या पानावर माझी ओळ हरवली. मी बासरी खाली घेतली.

बाबा थांबले नाहीत. त्यांच्या नियमात ते बसत नव्हतं. ते एकटेच पुढं वाजवत राहिले. एक सूर लांब, मग दोन तुटके सूर, मग गप्प राहून मोजणं, की पुन्हा तोच सूर.

हे मी ओळखत होते. याच खोलीत, याच खिडकीखाली, लहानपणभर मी हे ऐकलं होतं. फक्त आता त्या तुटक्या सुरांच्या मधल्या जागांत मला माझी ओळ ऐकू येत होती. ती कुठं बसते, कुठं श्वास घेते, बाबा तिला कुठं धरून ठेवतात, सगळं. चालीला जागा करून देण्यासाठीच तर ते गप्प राहून मोजत होते. मला रडू आलं. शरमेनंच आलं.

शेवटचा सूर पुरा करून त्यांनी विचारलं, "थांबली काऊन?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी हेच वाजवायचे ना? दुसऱ्या क्लॅरिनेटचं."

"हेच."

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? गानं त तिकडं बँडात बाकीच्याइजवळ रायत होतं."

एवढं बोलून त्यांनी बोटानं पहिली ओळ दाखवली. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. या खेपेला मी चुकले तरी थांबले नाही, पुढची ओळ पकडली आणि शेवटपर्यंत गेले. बाबांनी क्लॅरिनेट तुकड्या-तुकड्यांत सोडवलं, प्रत्येक तुकडा फडक्यानं आतून पुसून पेटीत ठेवला. कागदाची घडी करून पेटीच्या झाकणात खोचली. पेटी बंद करताना म्हणाले, "तुही माय पुसे, गानं कवा चालू होते. तिले आयकवाचं रायलं."

तिच्या त्या प्रश्नावर सगळ्यात मोठ्यानं मीच हसायची.